महानंदाच्या नावापुढचं साल

१

बीडच्या सायबर कॅफेत, भर दुपारी, माझी तीस वर्षांपूर्वी मेलेली नणंद जिवंत झाली.

ईश्वरी माझ्या मांडीवर होती. तिची बोटं की-बोर्डकडे जात होती म्हणून मी तिचे दोन्ही हात एका हातात धरले आणि तोंड पडद्याजवळ नेलं. शेटकारांच्या वंशावळीचं पान हळूहळू उघडत होतं. ही साइट जिवंत माणसांची नावं पानावर कुणालाच दाखवत नाही, भरणाऱ्यालाही नाही. त्यांच्या चौकोनात नुसतं ‘लिव्हिंग’ असं येतं. नाव दिसतं ते गेलेल्यांचंच. त्यामुळे ते पान बघताना मला दरवेळी कसंतरी व्हायचं. मेलेली माणसं नावागावासकट समोर उभी आणि आम्ही हिंडतेफिरते सगळे बिनचेहऱ्याचे.

सासऱ्यांचा चौकोन, लिव्हिंग. सासूबाईंचा, लिव्हिंग. त्यांच्याखाली माझा नवरा संगमेश, तोही तसाच. आणि त्याच्या डाव्या हाताला त्याच्या थोरल्या बहिणीचा चौकोन. तिथं मागच्या खेपेला मी माझ्या बोटांनी लिहिलं होतं : महानंदा, जन्म १९६७, मृत्यू १९७१.

आता तिथं नाव नव्हतं, साल नव्हतं. तिथंही तोच शब्द होता.

“सुकन्याताई, या मशीनवर कुणी बसलं होतं का?” मी काउंटरकडे मान वळवून विचारलं.

कॅफे सुकन्याताईच्या नवऱ्याचा, पण दिवसभर तो तीच सांभाळायची. पस्तिशीची असेल. केस घट्ट बांधलेले, नजर सतत गिऱ्हाइकांवर.

“कुणी ना कुणी बसतंयच की, वहिनी. कावून? बिघडलं का काही?”

“माझं लिहिलेलं कुणीतरी खोडलंय.”

तेवढ्यात लाइट गेली. पंखा मंदावत थांबला, यूपीएस चिरक्या आवाजात ओरडायला लागला, मग तोही गप्प झाला आणि पडदा काळा पडला.

“आई,” ईश्वरी त्या काळ्या काचेकडे बोट करून म्हणाली, “आत बाई आहे.”

काचेत खरंच एक चेहरा होता. मी मागं वळले. सुकन्याताई माझ्या खुर्चीला खेटून उभी होती. काउंटरवरून ती कधी उठली, माझ्या पाठीशी कधी आली, मला कळलंही नव्हतं.

आणि ती माझ्याकडे नव्हे, ईश्वरीकडे बघत होती.

२

आमच्या घरात एक गोष्ट मोठ्यानं बोलत नाहीत, पण सगळ्यांना माहीत असते. शेटकारांच्या या घरात पहिली मुलगी पाच वर्षं ओलांडत नाही. सासऱ्यांची थोरली बहीण मंजुळा गेली. मग सासऱ्यांची स्वतःची पहिली मुलगी, महानंदा गेली. आता तिसऱ्या पिढीची पहिली मुलगी म्हणजे माझी ईश्वरी. तिला माघात पाच पुरी होणार होती.

त्यावर सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, तोड काढली होती. दिवाळी झाली की सिरसाळ्याहून त्यांचे भाऊ शहादेवमामा जीप घेऊन येणार होते आणि ईश्वरीला मामींच्या ओटीत घालायचं. अंजनामामींना मूलबाळ नाही. एकदा ओटीत घातली की पोर त्या घरची. काळ आमच्या दारात तिला शोधत आला तरी त्याला ती सापडायची नाही. फक्त मी पुन्हा तिला ‘माझी’ म्हणायचं नाही.

मी बी.एस्सी. झालेली आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे मी संगमेशला दहा वेळा सांगितलं. पण ईश्वरीला जरा कणकण आली की मी तिच्या छातीवर कान ठेवून बसायची. विश्वास नसणं आणि भीती नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. “देऊ नका” असं ठासून म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. समजा, दिलं नाही आणि काही झालं तर?

म्हणून मी त्या वंशावळीच्या मागे लागले. संगमेशचा चुलतभाऊ योगीराज पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्यानं इंटरनेटवर शेटकारांची वंशावळ सुरू केली होती आणि लातूर, सोलापूर, बीदर, जिथं जिथं आमची माणसं पांगली आहेत, तिथून जो तो आपापली भर घालत होता. चौसाळ्याची, म्हणजे आमच्या गावची, शाखा भरायचं काम त्यानं मला दिलं, पासवर्डही फोनवर सांगितला. माझं माहेर बीडचं. पंधरा दिवसांनी एकदा मी एस.टी.नं आईकडे यायची आणि स्टँडजवळच्या या कॅफेत बसायची. नावं भरायचं हे निमित्त होतं. मला बघायचं होतं, बाकीच्या शाखांमधल्या पहिल्या मुलींचं काय झालं?

आणि त्या सगळ्या जगल्या होत्या! लातूरची पहिली मुलगी नातवंडं खेळवून गेली. सोलापूरची अजून आहे. बीदरकडच्या एकीचे तर दोन विवाह झालेले. म्हणजे रक्तात काही नव्हतं. जे काही होतं, ते आमच्याच उंबऱ्याच्या आत. त्यात दोन मृत्यू होते, आणि त्यातला एक कुणीतरी पुसून टाकला होता.

लाइट आल्यावर मी साल पुन्हा लिहिलं. मृत्यू, १९७१. जतन केलं. दोनदा पान उघडून खात्री केली.

पंधरा दिवसांनी आले तर महानंदा पुन्हा जिवंत होती. या वेळी तिच्या जन्माची नोंदही कुणीतरी पुरी केली होती. जन्मस्थळाची जागा मी मोकळी सोडली होती. तिथं लिहिलं होतं : सिरसाळा.

३

चौसाळ्याला हायवेवर एस.टी.डी. बूथ आहे. तिथून मी योगीराजला फोन लावला.

“वहिनी, शप्पथ, मी हात लावलेला नाही,” तो म्हणाला. “मला त्या ताईचं नावसुद्धा तुम्ही भरल्यावर कळलं.”

“मग लातूरवाल्यांपैकी कुणी?”

“त्यांना त्यांचीच फांदी बदलता येते. चौसाळ्याची फांदी फक्त मी नाहीतर तुम्ही. थांबा, बघतो.” की-बोर्डचा खडखडाट ऐकू आला. मग तो थांबला. “वहिनी, तुमची गंमत चाललीय का?”

“काय झालं?”

“बदल तुमच्याच नावानं झालेत. दोन्ही वेळा. दोन्ही वेळा सोमवारी.”

सोमवारी माझा उपास. सोमवारी मी घराच्या बाहेर पडत नाही, बीडला तर नाहीच. रिसीव्हर हातात तसाच राहिला. बाहेरून ट्रकमागून ट्रक जात होते आणि बूथची काच थरथरत होती.

“वहिनी? ऐकताय ना? झोपेत वगैरे उठून चालत नाही ना तुम्ही?” तो हसला.

मला हसू आलं नाही. ईश्वरीच्या काळजीनं मी हल्ली काय करते, काय नाही, याचा भरवसा माझा मलाच राहिला नव्हता. पण झोपेत उठून कुणी बीडला जात नाही. आणि जन्म सिरसाळ्याचा, हे तर माझ्या जागेपणीही मला ठाऊक नव्हतं. महानंदा कुठं जन्मली, मी कुणाला कधी विचारलंच नव्हतं.

ज्यानं लिहिलं, त्याला ते माहीत होतं. मग मी विचारायला सुरुवात केली.

४

माझे सासरे गुंडप्पा शेटकार यांचं सरकी-पेंडीचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं. मी चहा घेऊन गेले आणि पोत्यावर बसले.

“आप्पा, मंजुळाआत्या कशानं गेल्या?”

“देवीनं. मी पाळण्यात होतो तवा. सगळ्या गावात साथ आलती म्हनं. घरटी रडारड.” त्यांनी बशीत चहा ओतला. “तुला कावून पायजे?”

“योगीराजभावजींनी विचारलंय. आणि महानंदाताई?”

बशी ओठापर्यंत जाऊन थांबली.

“ती इथं न्हाई गेली,” ते म्हणाले. “संगमेशच्या येळंला तुझी सासू माहेराला गेलती, सिरसाळ्याला. पोरगी संगं. तिथंच जलमली, तिथंच गेली. ताप भरला म्हनून निरोप आला. मी निघालो. तवा कुठं गाड्या होत्या? पोचलो तर माती देऊन झालती.”

“तोंड नाही पाहिलंत?”

“उनाळ्याचे दिस. कोन थांबनार?”

“आणि जागा? कुठं माती दिली ती?”

आप्पांनी बशी खाली ठेवली. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. स्वतःही विचारला नसावा.

“जागा...” ते म्हणाले. “माझ्या सासूबाई म्हनल्या, बाप मानसानं लेकराच्या मातीवर जाऊ न्हाई. मागच्या पावली परत जा. मी परत आलो.” मग एकदम वैतागले, “मेलेलं कावून उकरती गं पोरी? तुझी वाचायची हाय ना? मग जाऊ दे तिला सिरसाळ्याला. आमी काय वैरी हाव तुझे?”

मी कपबशा उचलल्या. म्हणजे ज्या बापाच्या सांगण्यावर हा मृत्यू उभा होता, त्यानं तो पाहिलेला नव्हता. प्रेत पाहिलं नाही, जागा पाहिली नाही. त्यांनी तो फक्त ऐकला होता, आणि आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडून.

या घरात आता एकच माणूस उरलं होतं, ज्यानं काहीतरी डोळ्यांनी पाहिलं होतं.

५

आत्याबाई सकाळी पूजेला बसल्या की कुणी मध्ये बोलत नाही. आम्ही लिंगायत; गळ्यातल्या चांदीच्या डबीतून त्या आपलं इष्टलिंग काढतात, डाव्या तळहातावर घेतात, पाणी घालतात, विभूती लावतात, बेल वाहतात. मग लाल फडक्यातलं एक लहानसं लिंग बाहेर निघतं. तेही तसंच धुवायचं, पुसायचं, परत फडक्यात. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे बघत आले होते. गेलेल्या लेकीची आठवण, असं मनाशी समजून चालले होते. कधी डोळे भरूनही आले होते माझे.

त्या सकाळी मी दाराच्या चौकटीला टेकून बघत होते. ईश्वरी माझ्या पदराशी खेळत होती. तिच्या गळ्यातल्या डबीचा दोरा सैल झाला होता, तो मी घट्ट बांधत होते, आणि बांधता बांधता माझे हात थांबले.

मला माझ्या आजोबांची माती आठवली. मी लहान होते. आजोबांना बसवून नेलं होतं, बसलेलेच त्यांना खाली उतरवलं. पुरोहित जंगमांनी त्यांच्या गळ्यातून लिंग सोडवून त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं, आणि मग वरून माती पडायला लागली. मी आजीला विचारलं होतं, ते आपल्याला ठेवायचं नाही का? आजी म्हणाली होती, ते माणसाचं असतं बाई, माणसासंगंच जातं.

आमच्यात जन्मल्या पोराला लिंग बांधतात आणि ते मातीपर्यंत त्याच्याजवळ राहतं. भांडीकुंडी मागे राहतात, दागिने मागे राहतात. ही एकच वस्तू अशी आहे, की मेलेल्या माणसाची मागे राहूच शकत नाही.

आत्याबाई ते लहान लिंग पुसत होत्या.

महानंदाला माती दिलीच नव्हती! कुणी दिली असती तर हे तिच्या तळहातात असतं. आणि हे इतकं साधं, आमच्यातल्या कुठल्याही म्हातारीला एका नजरेत कळलं असतं. पण ज्या खोलीत ते निघायचं तिथं घरच्यांशिवाय कुणी येत नसे आणि घरच्यांनी रोज बघून बघून बघणं सोडून दिलं होतं.

“काय बघती?” आत्याबाई न वळता म्हणाल्या.

“काही नाही,” मी म्हणाले आणि ईश्वरीला उचलून तिथून निघाले. मला एकदम त्या बाईची भीती वाटली. चार वर्षांची पोर मेली नाही, पण नाहीशी झाली. मग तिचं केलं काय होतं?

६

उत्तर बीडमध्येच होतं. तसा मला संशय आला होता, पण संशयावर कुणाला तोंडावर विचारता येत नाही.

ईश्वरीला घेऊन कॅफेत गेल्यावर मी आधी खिडकीजवळच्या मशीनवर बसले. साइटनं पासवर्ड मागितला. मग उठून काउंटरजवळच्या, माझ्या नेहमीच्या मशीनवर गेले. इथं काही मागितलं नाही, पान आपोआप उघडलं. माझा पासवर्ड या मशीननं लक्षात ठेवला होता. म्हणजे मी नसताना, माझ्या नावानं लिहायचं असेल तर ते याच खुर्चीत बसून. आणि सोमवारी कॅफे बंद असतो, तशी पाटीच होती दारावर; त्या दिवशी इथं बसणार ते कॅफेचंच माणूस.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात येत गेली. सुकन्याताई येणाऱ्या प्रत्येक बाईला मॅडम म्हणायची. पहिल्या दिवशी मलाही मॅडमच म्हणाली होती. त्या दिवशी फॉर्म भरताना मी अडले, तेव्हा तिनंच माझ्या शेजारी बसून सासरे गुंडप्पा, सासू नीलाबाई, गाव चौसाळा, सगळं टाइप करून दिलं होतं. आणि त्यानंतर मी तिची वहिनी झाले.

मी पान पुढं सरकवलं. आत्याबाईंच्या चौकोनावर आले. मृत्यूच्या रकान्यात २००१ लिहिलं. जित्या माणसाच्या नावापुढं असं साल लिहायचं, तेही सकाळी ज्यांच्या हातची भाकरी खाऊन निघाले त्यांच्या. मनातल्या मनात क्षमा मागितली आणि जतन केलं. चौकोनातलं ‘लिव्हिंग’ गेलं आणि नीलाबाई हे नाव वर आलं.

“ताई, एक प्रिंट द्या ना.”

प्रिंटर काउंटरवर, तिच्या कोपराशी होता. तो करकरत चालू झाला. कागद थोडा थोडा बाहेर येत होता. सुकन्याताईनं तो ओढून फाडला, माझ्याकडे द्यायला हात पुढं केला, आणि तिची नजर कागदावर गेली.

ती खाली बसली. खुर्ची जरा मागं होती; अर्धी खुर्चीवर, अर्धी भिंतीला टेकून बसली.

“मला कुणीच कसं कळवलं न्हाई?” ती म्हणाली.

एवढंच. कोण, कधी, कसं, काही नाही. मी ईश्वरीला घट्ट धरून उभी राहिले.

“त्या ठणठणीत आहेत,” मी म्हणाले. “सकाळी माझ्याशी भांडल्या. तुम्हाला कुणी का कळवायला हवं होतं, महानंदाताई?”

७

तिनं शटर अर्धं ओढलं. आत दिवसाचाच, पण धुरकट उजेड राहिला.

“असं लिहितंय का कुणी?” ती म्हणाली. “जित्या मानसाला?”

“मला दुसरा मार्ग सुचला नाही.”

“तुमी तर मला दोनदा मारलं, वहिनी. इथं माझ्याच दुकानात बसून. तुमचा चहा मी करत होते आन् तुमी माझं मरन टाइप करत होता.” ती हसली, पण ते हसू ऐकवत नव्हतं. “सोमवारी फरशी पुसायला आले, मशीन चालू केलं. म्हनलं, फकस्त बघू. मग ऱ्हावलं न्हाई.”

तिनं सांगितलं ते असं. हरिबा आणि ताराबाई, मेंढपाळ माणसं, दरसाल त्यांचा कळप सिरसाळ्याच्या शिवारात यायचा. खतासाठी शेतात मेंढ्या बसवतात, तशा त्या तिथल्या वाण्याच्या, म्हणजे आत्याबाईंच्या वडलांच्या, रानात बसायच्या. तिथून एका उन्हाळ्यात ते निघाले तेव्हा ताराबाईच्या कडेवर तापानं फणफणलेली एक मुलगी होती. ती वाचली. तिचं नाव सुकन्या ठेवलं. पुढं कळप विकला, बीडला आले, पोरीला बारावीपर्यंत शिकवलं. लग्न ठरलं तेव्हा ताराबाईनं तिला सगळं सांगितलं आणि शपथ घातली : तुझ्या आईनं माझे पाय धरून सांगितलंय, तिच्या समोर कधी यायचं न्हाई. आली तर तू जगायची न्हाईस.

“तुम्हाला काही आठवतं?” मी विचारलं.

“एक आठवतं. कुनीतरी माझ्या गळ्यातनं काहीतरी काढून घेतलं. मी लई रडले. ते काय होतं, मला आजपत्तोर कळलं न्हाई.”

मी सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

ईश्वरी मांडीवरून उतरून तिच्याजवळ गेली होती आणि तिच्या बांगड्या फिरवत होती. सुकन्याताईनं हात जवळ घेतला नाही, मागंही घेतला नाही.

“तुमची पहिली मुलगी की मुलगा?” मी विचारलं.

“मुलगी. सातवीत हाय. का?”

“काही नाही,” मी म्हणाले आणि तिथंच, तिच्या काउंटरवर डोकं ठेवून रडले.

निघण्याआधी नीलाबाईंच्या नावापुढचं साल मी खोडलं.

८

शहादेवमामांची जीप दुसऱ्या दिवशी येणार होती. ईश्वरीच्या फ्रॉकांची पिशवी आत्याबाईंनी भरून दारात ठेवलीही होती.

त्या पूजेवरून उठल्या तशी मी दार लोटून घेतलं.

“आत्याबाई, मंजुळाआत्या साथीत गेल्या. गावात घरोघरी गेलं तसं. आणि दुसरी गेलीच नाही. मग पहिली मुलगी जगत नाही, हे कुठून आलं?”

त्यांनी दाराला कडी लावली. “हळू बोल.”

“ती बीडला आहे, स्टँडजवळच्या कॅफेत. तिला—”

“हळू बोल म्हनते ना!” त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. दाराकडे, मग आढ्याकडे बघितलं, खरोखरच कुणी ऐकत असल्यासारखं. “नाव घेऊ नको. मेली म्हनून सांगितलंय मी काळाला. तीस वर्सं झाली, तो आला न्हाई. आता तू मोठ्यानं बोलून वाट दावती का?”

मग कुजबुजत, तुटक तुटक, त्या सांगत गेल्या. मंजुळेची गोष्ट त्यांनी लग्नाच्या वेळी ऐकली होती. संगमेशच्या वेळी त्या पोटुशी असताना पोरीला ताप आला तेव्हा त्यांच्या आईनं सुचवलं : ओटीत घाल, पण नुसती देऊन भागायचं न्हाई. मेली म्हनून सांग. सगळ्यांना. नवऱ्याला पन. मेलेल्याच्या मागं काळ कशाला येतोय?

“आन् वाचली का न्हाई?” त्या म्हणाल्या. “मी दिली म्हनून वाचली! तुझी शिकलेली अक्कल काय सांगती यावर?”

ताप उतरायचाच होता म्हणून उतरला की दिली म्हणून उतरला, हे कोण सांगणार? पण मला दुसरं काहीतरी दिसत होतं. एक मेली म्हणून या बाईला भीती वाटली. भीतीनं तिनं दुसरी मेली असं सांगितलं. आणि दोन झाल्या म्हणून आता तिसरीची बारी आली होती. काळाला फसवायला सांगितलेलं खोटं काळानं ऐकलं की नाही देव जाणे, आम्ही मात्र सगळ्यांनी ऐकलं होतं.

“सगळ्यांना मेली म्हणून सांगितलंत,” मी म्हणाले. “मग तिचं लिंग का ठेवलंत? नदीत सोडायचं होतं.”

“जित्या लेकराचं कसं सोडू?” त्या पटकन बोलून गेल्या आणि थांबल्या.

“तिला ते आठवतं, आत्याबाई. बाकी काही आठवत नाही. गळ्यातनं काहीतरी काढून घेतलं, एवढंच आठवतं. ते काय होतं, ती मला विचारत होती.”

त्यांचा हात लाल फडक्याकडे गेला.

“उद्या ईश्वरीच्याही गळ्यातलं काढून मामींच्या घरचं बांधायचंय,” मी म्हणाले. “ते रोज धुवायला तुम्ही मला शिकवा. किती पाणी घालायचं, रडू कुठं थांबवायचं. तुम्हाला सवय आहे.”

त्यांनी ते फडकं उचललं आणि आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी जीप आली. शहादेवमामांनी हॉर्न वाजवला. अंजनामामी नवं लुगडं नेसून पुढं बसल्या होत्या, ओटीचं सामान मांडीवर. संगमेश माझ्याकडे न बघता फ्रॉकांची पिशवी उचलायला वाकला. मी ईश्वरीला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी होते आणि ठरवलं होतं की कुणी हात लावला तर चावेन, पण सोडणार नाही.

आत्याबाई आतून आल्या. पायात चपला. डोक्यावरचा पदर सारखा केला, संगमेशच्या हातातून पिशवी काढून घेतली आणि माझ्या पायाशी ठेवली. मग जीपचं मागचं दार स्वतः उघडून आत चढल्या.

“अक्का, तू कुठं?” शहादेवमामा गोंधळले. “पोरगी दे की.”

“पोरगी न्हाई यायची. मला बीडपत्तोर सोड.”

“बीडला? काय काम हाय?”

त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दुकानाच्या पायरीवर आप्पा उभे होते, हात पेंडीनं माखलेले. आत्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि सरकून शेजारी जागा केली.

“तुमी बी चला,” त्या म्हणाल्या.

“मी? कावून?”

“बसा. वाटंत सांगते.” आणि ते जागचे हलले नाहीत तशा त्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, आभाळाकडे न बघता म्हणाल्या, “महानंदाकडं जायाचंय.”